न पडलेल्या घरांची भीती

पाटण्याला १८ ते १९ जानेवारीच्या दरम्यान भयंकर वादळ होणार. नेपाळच्या सरहद्दीकडून पुराचा लोंढा मधुबनीच्या दिशेने निघालाय. २३ जानेवारी हा घातवार, त्या दिवशी काय ओढवेल ते सांगता येत नाही. चंद्रग्रहणाला धरणी पुन्हा हादरणार. आणि २६ फेब्रुवारीला तर थेट प्रलयच.

१९३४ सालच्या जानेवारीत बिहारमध्ये ही भाकितं तोंडोतोंडी फिरत होती. सोमवार, १५ जानेवारीला दुपारी सव्वादोनच्या सुमारास उत्तर बिहार आणि नेपाळ गदागदा हलले होते. मुंगेर शहर जवळजवळ भुईसपाट झालं होतं, मुजफ्फरपूर आणि दरभंगा मोडून पडले होते. दोन्ही देशांत मिळून दहा हजारांहून जास्त माणसं गेली. तारा तुटलेल्या, रेल्वेचे रूळ वाकलेले, त्यामुळे कुठे नेमकं काय झालं हे कित्येक दिवस कोणालाच धड कळत नव्हतं. त्यात तो दिवस अमावस्येचा होता, म्हणजे भाकितं करणाऱ्यांना आयतंच निमित्त.

पाटण्यातले मानसशास्त्राचे एक अभ्यासक, जमुना प्रसाद, या गोंधळात एक वेगळंच काम करत होते. कानावर पडणारी प्रत्येक अफवा ते लिहून ठेवत होते. पुढच्याच वर्षी, १९३५ साली, त्यांचा निबंध ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’त छापून आला. अफवा मूर्ख किंवा लबाड लोक पसरवतात, असं म्हणून ते थांबले नाहीत. अफवेला लागणारी जमीन कोणती, हे त्यांनी सांगितलं. घटना मन हादरवणारी हवी, नेहमीच्या अनुभवाबाहेरची हवी, तिच्यातलं बरंच काही अज्ञात हवं, काही बाबी पडताळून पाहता येणार नाहीत अशा हव्यात, आणि तिच्यात एकट्यादुकट्याचं नव्हे तर सगळ्या समूहाचं काहीतरी गुंतलेलं हवं. एवढं जुळलं की परंपरेतून आलेल्या समजुती रिकाम्या जागा भरायला पुढे येतात. ग्रहण, प्रलय, घातवार हे शब्द बिहारी माणसाच्या हाताशी होतेच.

हा निबंध भारतात किती जणांनी वाचला असेल, देव जाणे. पण साधारण सोळा-सतरा वर्षांनी तो अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या एका तरुण प्राध्यापकाच्या टेबलावर पोचला, आणि त्यातून सामाजिक मानसशास्त्रातला बहुधा सर्वांत गाजलेला सिद्धान्त निघाला. प्राध्यापकाचं नाव लिऑन फेस्टिंगर. जन्म १९१९, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला, रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला. नाझींच्या जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या कुर्ट लेविन यांचा हा शिष्य. १९५१च्या अखेरीला फोर्ड फाउंडेशनने त्याच्यावर एक रुक्ष काम सोपवलं होतं: संपर्क आणि सामाजिक प्रभाव या विषयांवर आजवर जे जे संशोधन झालंय ते गोळा करून त्याची संगती लावायची. त्या ढिगाऱ्यात प्रसादांचा निबंध होता.

फेस्टिंगर अडला तो एका साध्या गोष्टीपाशी. प्रसादांच्या अफवा ज्या भागातल्या होत्या, तिथे हादरा बसला होता, पण विध्वंस झाला नव्हता. मग या लोकांना, जे वाचले होते त्यांना, आणखी मोठ्या संकटाच्या बातम्या का हव्याशा वाटाव्यात? माणूस सुख शोधतो, भीती टाळतो, असं मानसशास्त्र सांगत आलं होतं. इथे तर माणसं भीती घरी बोलावून आणत होती.

त्याने प्रश्न उलटा करून पाहिला. या अफवा भीती निर्माण करत नव्हत्या, कारण भीती आधीच होती. जमीन हलली होती, छातीत धडधड होती, रात्री झोप लागत नव्हती. पण आजूबाजूला पाहावं तर घर उभं, विहिरीला पाणी, गाय गोठ्यात. घाबरलोय हे खरं आणि घाबरण्यासारखं काही दिसत नाही हेही खरं. या दोन गोष्टी एकाच मनात सुखाने नांदत नाहीत. भीती तर काढून टाकता येत नाही. तेव्हा भीतीला शोभेल असं संकटच शोधायचं. २६ फेब्रुवारीचा प्रलय हे त्या धडधडीला मिळालेलं कारण होतं.

मला हे वाचताना ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप आठवला. पुण्यातल्या आमच्या वाड्यात पहाटे भांडी वाजली, एवढंच. भिंतीला साधा तडा नव्हता. तरी पुढच्या काही रात्री अर्धा वाडा अंगणात सतरंज्या टाकून झोपला, आणि रोज संध्याकाळी कोणीतरी नवी वेळ घेऊन यायचं: आज रात्री तीनला, उद्या पहाटे पाचला. वेळ टळली की हिरमोड झाल्यासारखे चेहरे व्हायचे. तेव्हा आम्ही पोरं हसायचो. ज्यांचं सगळं गेलं होतं त्या लातूर-उस्मानाबादच्या गावांत माणसं प्रेतं उपसण्यात गुंतलेली होती.

या दुसऱ्या बाजूचाही पुरावा फेस्टिंगरला एका भारतीय अभ्यासकाकडूनच मिळाला. जून १९५०मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळून हाहाकार झाला. दुर्गानंद सिन्हा यांनी तिथल्या बातम्या आणि अफवा गोळा केल्या आणि १९५२ साली त्याच ब्रिटिश नियतकालिकात छापल्या. दार्जिलिंगच्या लोकांनी विध्वंस डोळ्यांनी पाहिला होता. तिथे येऊ घातलेल्या प्रलयाच्या वार्ता जवळजवळ सापडल्या नाहीत. भीतीचं कारण समोरच पडलेलं असताना वेगळं कशाला शोधायचं?

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. फेस्टिंगरच्या मांडणीत ‘हादरा बसलेले पण नुकसान न झालेले’ आणि ‘नुकसान झालेले’ असे दोन स्वच्छ कप्पे आहेत. प्रत्यक्षात पाटण्यातही इमारती पडल्या होत्या, मुंगेरइतक्या नसतील. सिद्धान्ताला सोयीचं तेवढं चित्र नीटस होतं, उरलेलं समासात जातं. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

१९५७ साली फेस्टिंगरचं ‘अ थिअरी ऑफ कॉग्निटिव्ह डिसोनन्स’ हे पुस्तक आलं. मराठीत याला बोधात्मक विसंवाद म्हणतात. शब्द जड आहे, पण ‘विसंवाद’ हा त्यातला भाग आपल्याला गाण्यामुळे चांगला कळतो. तंबोऱ्याची एक तार उतरलेली असेल तर ते फक्त ‘चूक’ म्हणून ऐकू येत नाही, अंगावर येतं. हात आपोआप खुंटीकडे जातो. फेस्टिंगरचं म्हणणं असं की माझ्या वागण्याबद्दलची जाणीव आणि माझ्या मताची जाणीव एकमेकींना छेद देत असल्या, तर होणारा त्रास असाच असतो, भूक-तहानेसारखा. तो कमी केल्याशिवाय चैन पडत नाही. आणि मग जी खुंटी सहज फिरते ती फिरवली जाते. केलेलं कृत्य ही घट्ट बसलेली खुंटी, ती काही केल्या फिरत नाही. मत ही सैल. म्हणून बहुतेक वेळा वागण्याला शोभेल असं मत तयार होतं, मताला शोभेल असं वागणं नव्हे.

तंबाखू मळणाऱ्याला विचारा. तंबाखू वाईट हे त्याला डॉक्टरांइतकंच माहीत असतं. पण ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत मळत होते’, ‘कामाला तरतरी येते’, ‘मरायचं तर रस्त्यावर गाडीखालीही मरू’ अशी तीन वाक्यं त्याच्या चंचीत चुन्याच्या डबीशेजारी तयार असतात. फेस्टिंगरनेही पुस्तकात धूम्रपान करणाऱ्याचंच उदाहरण घेतलं आहे. कोल्ह्याला द्राक्षं आंबट हे आपण लहानपणापासून ऐकतो. फरक इतकाच की गोष्टीतला कोल्हा थापा मारतो असं आपण समजतो. फेस्टिंगरच्या मते त्याला ती द्राक्षं खरोखरच आंबट लागू लागलेली असतात.

हे खरं कशावरून? दोन पुरावे प्रसिद्ध आहेत, एक नाट्यमय आणि एक कंटाळवाणा. कंटाळवाणा जास्त भक्कम आहे, म्हणून तो आधी.

१९५९ साली स्टॅनफर्डमध्ये फेस्टिंगर आणि जेम्स मेरिल कार्लस्मिथ (हा तेव्हा पदवीचा विद्यार्थी होता) यांनी ७१ विद्यार्थ्यांना एकेकट्याने बोलावलं. काम असं: एका तबकात १२ रिळं ठेवायची, काढायची, पुन्हा ठेवायची. अर्धा तास. मग एका फळीवरच्या ४८ चौकोनी खुंट्या एकेक करून पाव फेरा फिरवायच्या. आणखी अर्धा तास. कामाचा काही अर्थ नव्हता, आणि तो नसावा हाच हेतू होता. तास संपल्यावर प्रयोगकर्ता ओशाळून म्हणायचा, आमचा एक मदतनीस आज आला नाही. बाहेर पुढची मुलगी थांबली आहे. काम फार मजेशीर आहे असं तिला सांगाल का? काहींना यासाठी १ डॉलर दिला, काहींना २०. तेव्हा २० डॉलर ही विद्यार्थ्यासाठी घसघशीत रक्कम होती. तिसऱ्या गटाला खोटं बोलायला सांगितलंच नाही. शेवटी सगळ्यांना दुसऱ्याच माणसाने विचारलं: खरं सांगा, काम कसं वाटलं? उत्तर उणे ५ ते अधिक ५ यांच्या दरम्यान द्यायचं.

त्या काळच्या मानसशास्त्रात बक्षिसाचं राज्य होतं. जास्त मोबदला, जास्त परिणाम, असा सरळ हिशेब. त्याप्रमाणे २० डॉलरवाल्यांनी काम जास्त आवडल्याचं सांगायला हवं होतं. निकाल उलटा लागला. खोटं न बोललेल्यांची सरासरी उणे ०.४५. २० डॉलरवाल्यांची उणे ०.०५, म्हणजे जवळपास तीच. आणि १ डॉलर घेतलेल्यांची अधिक १.३५.

२० डॉलर खिशात पडले की खोटं बोलल्याचं कारण हातात असतं, मनाला काही जुळवाजुळव करावी लागत नाही. एका डॉलरसाठी मी खोटं बोललो? मी असा माणूस नाही. बोललेलं तर मागे घेता येत नाही. मग काम तसं काही वाईट नव्हतंच मुळी! पाटण्यातल्या भीतीने प्रलय शोधला तसं या खोट्याने स्वतःसाठी थोडीशी मजा शोधली. सर्वांना शेवटी खरा प्रकार समजावून पैसे परत मागण्यात आले, ही त्यातली गंमत.

यानंतर प्रयोगांचं पीक आलं. जॅक ब्रेम यांनी फेस्टिंगरच्या पुस्तकाआधीच, १९५६ साली, गृहोपयोगी वस्तूंतून निवड करायला लावून दाखवलं होतं की जवळपास सारख्या आवडलेल्या दोन वस्तूंपैकी एक पदरात पडली की ती अधिक छान वाटू लागते आणि सोडून दिलेली फिकी. पैठणीच्या दुकानातून दोन तास घासाघीस करून घरी आलेल्या कोणालाही यासाठी प्रयोगाची गरज नाही. व्हँकुव्हरच्या रेसकोर्सवर रॉबर्ट नॉक्स आणि जेम्स इंक्स्टर यांनी १९६८ साली दोन डॉलर लावणाऱ्यांना त्यांचा घोडा जिंकण्याची खात्री किती वाटते ते सातपैकी गुण देऊन सांगायला लावलं. खिडकीकडे निघालेल्यांची सरासरी साडेतीनच्या आसपास. पैसे लावून नुकतेच वळलेल्यांची पावणेपाचच्या वर. घोडा तोच, फरक अर्ध्या मिनिटाचा. एलिअट अॅरन्सन आणि जडसन मिल्स यांनी १९५९ साली दाखवलं की एखाद्या गटात प्रवेशासाठी लाजिरवाणी परीक्षा द्यावी लागली, तर आत चाललेली अगदी रटाळ चर्चाही रंजक वाटते. रॅगिंग सोसून आलेलाच पुढच्या वर्षी रॅगिंगचे गोडवे का गातो, याचं याहून बरं उत्तर मला माहीत नाही.

आता नाट्यमय पुरावा. शिकागोजवळच्या ओक पार्क गावात डोरोथी मार्टिन नावाची बाई क्लॅरिअन ग्रहावरून येणारे संदेश लिहून घेत असे. २१ डिसेंबर १९५४ला महापुरात सगळं बुडणार आणि निष्ठावंतांना आदल्या मध्यरात्री तबकडी घेऊन जाणार, असं तिचं भाकीत होतं. फेस्टिंगर, हेन्री रिकेन आणि स्टॅन्ली शॅक्टर यांनी आपली माणसं भक्त म्हणून त्या गटात घुसवली. तबकडीत धातू चालत नाही म्हणून लोकांनी कपड्यांच्या चेन आणि हुक काढून टाकले. मध्यरात्र झाली. तबकडी आली नाही. पहाटे पावणेपाचला संदेश आला: या छोट्या गटाने एवढा प्रकाश पसरवला की देवाने जग वाचवलं. आणि आजवर वार्ताहरांना टाळणाऱ्या या मंडळींनी स्वतःहून वर्तमानपत्रांना फोन लावायला सुरुवात केली. १९५६ साली आलेल्या ‘व्हेन प्रॉफेसी फेल्स’ या पुस्तकात मार्टिनबाईंचं नाव बदललेलं होतं, निष्कर्ष मात्र ठसठशीत होता: श्रद्धेला तडा गेला की श्रद्धावान प्रचारक होतो.

गेली सत्तर वर्षं ही गोष्ट वर्गावर्गात सांगितली गेली. २०२५ साली थॉमस केली यांनी फेस्टिंगरची कागदपत्रं तपासून लिहिलं की ती तशी घडलीच नव्हती. गट आधीपासूनच प्रचार करत होता. भाकीत फसल्यावर बऱ्याच जणांनी लवकरच तो विश्वास सोडला. आणि भक्तांच्या वेषातल्या निरीक्षकांनी फक्त पाहिलं नाही, घटनांना वळणही लावलं. मला याचं आश्चर्य कमी वाटलं, हसू जास्त आलं. सिद्धान्त हाती होता, पुरावा त्याला शोभेल असा हवा होता, आणि तो तसा मिळाला. पाटण्याच्या पडलेल्या इमारतींसारखंच ओक पार्कचं बरंचसं वास्तव समासात गेलं. विसंवाद संशोधकालाही चावतो.

सिद्धान्तावर शंका अर्थात आधीपासून होत्या. १९६७ साली डॅरिल बेम म्हणाले, कशाला मनाची तगमग वगैरे? माणूस बाहेरच्यासारखा स्वतःकडे पाहतो. ‘एका डॉलरसाठी मी काम छान म्हणालो, म्हणजे ते मला आवडलंच असणार’, एवढाच शांत तर्क. हे खोडून काढणं सोपं नव्हतं. मार्क झॅना आणि जोएल कूपर यांनी १९७४ साली युक्ती केली. विद्यार्थ्यांना एक निष्क्रिय गोळी दिली. काहींना सांगितलं, हिने अस्वस्थ वाटेल. मग त्यांच्याकडून स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहून घेतला. अस्वस्थतेचं खापर फोडायला गोळी मिळाली, तेव्हा मत बदललं नाही. याचा अर्थ अस्वस्थता खरी होती आणि मत बदलायला तीच भाग पाडत होती. बेम पूर्ण चुकले नाहीत, पण तगमग आहे हे नक्की झालं.

पुढे २०२४ साली १९ देशांतल्या ३९ प्रयोगशाळांनी मिळून, जवळजवळ पाच हजार जणांवर, मताविरुद्ध निबंधाचा हा जुना प्रयोग पुन्हा केला. मताविरुद्ध लिहिणाऱ्यांचं मत खरंच सरकलं. पण ‘लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा’ म्हटलेले आणि ‘लिहाच’ म्हटलेले यांच्यात सिद्धान्ताला अपेक्षित असलेला फरक दिसला नाही. म्हणजे परिणाम आहे, पण त्याचं पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरण आणखी तपासावं लागणार. माझं मत विचाराल तर इमारत उभी आहे, एक-दोन खांब बदलावे लागतील.

आज ‘कॉग्निटिव्ह डिसोनन्स’ हा शब्द दूरचित्रवाणीवरच्या चर्चांतही फेकला जातो, बहुतेक वेळा ‘समोरचा ढोंगी आहे’ या अर्थाने. ते चूक आहे. ढोंग्याला आपलं ढोंग माहीत असतं आणि त्याची झोप उडत नाही. विसंवाद होतो तो स्वतःला सरळ समजणाऱ्याला. याचा उपयोगही करून घेता येतो. १९९२ साली कॅलिफोर्नियातल्या सँता क्रूझ विद्यापीठात पाणीटंचाई असताना अॅरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोहून शॉवरकडे निघालेल्या मुलींना पाणी वाचवण्याच्या आवाहनावर सही करायला सांगितलं आणि वर त्या स्वतः किती पाणी वाया घालवतात याची प्रश्नावलीही भरून घेतली. या मुली शॉवरखाली सरासरी पावणेचार मिनिटांहून कमी थांबल्या. ज्यांना काहीच विचारलं नव्हतं त्या पाच मिनिटं. फक्त सही किंवा फक्त प्रश्नावली एवढी परिणामकारक ठरली नाही. दोन्ही तारा एकदम वाजायला हव्या होत्या. आपल्याकडे पाणी वाचवा, झाडे लावा, हेल्मेट घाला हे फलक सरकार लावतं. वाचणाऱ्याचं नाव त्या फलकाखाली कोणी लिहून घेत नाही.

फेस्टिंगर १९८९ साली वारला. सिन्हा अलाहाबाद विद्यापीठात मानसशास्त्राचे विभागप्रमुख झाले आणि भारतीय मानसशास्त्राने भारतीय माणसाकडे पाहावं असं आयुष्यभर सांगत राहिले. प्रसादांचा उल्लेख फेस्टिंगरने पुस्तकाच्या प्रस्तावनेतच प्रामाणिकपणे केला आहे, पण मला शिकवलेल्या पाठ्यपुस्तकांत तबकडी होती, डॉलर होते, बिहार नव्हता. मानसशास्त्र शिकवणाऱ्या मराठी प्राध्यापकांना एवढीच विनंती की पुढच्या वर्षी हा धडा ओक पार्कच्या ऐवजी पाटण्यापासून सुरू करावा. आणि विद्यार्थ्यांपैकी कोणी विचारलंच, तर २६ फेब्रुवारी १९३४ हाही सोमवारच होता, भूकंपानंतर बरोबर सहा आठवड्यांनी आलेला. प्रलय झाला नाही.